औषधाच्या पुस्तकातली मोडी चिठ्ठी : एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुना वाडा पाडायला निघाला की लाकूडफाटा, तांब्यापितळेची भांडी, दगडी पाटे यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. पुस्तकांना मिळत नाही. ती पोत्यात भरून किलोवर जातात आणि त्यातली थोडीच एखाद्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याच्या हाती लागतात. या प्रकरणातलं पुस्तक असंच पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका पदपथावर आलं होतं. घरगुती औषधांचं, कापडी बांधणीचं, १९०४ साली छापलेलं, कोपरे कसरीनं खाल्लेलं.

घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आणि आमच्या ग्रंथालयाच्या जुन्या सभासद. जुन्या पाककृतींची आणि औषधांची पुस्तकं जमवायचा त्यांना नाद आहे. विक्रेत्याला सगळे मामाच म्हणतात. मामांनी सांगितलेली किंमत बाईंनी घासाघीस न करता दिली, पुस्तक घरी नेलं, धूळ जावी म्हणून गॅलरीत उलटं धरून झटकलं आणि त्यातून चार घड्या घातलेला एक कागद पडला.

मी या प्रकरणात ग्रंथपाल म्हणून आलो आणि तेही उशिरा. नंतरच्या भेटी, वाचन, चर्चा मी पाहिल्या आहेत. आधीचं बाईंनी सांगितलेलं आहे. नावं, गाव आणि नात्यांचे काही तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

कागद कसा होता

हातकागदाचा, वितीपेक्षा थोडा लांब. एका बाजूला काळ्या शाईत मोडी. वर तीन-चार ओळी सलग मजकूर, खाली नऊ नोंदींची यादी, प्रत्येकीपुढे आकडे आणि सातांपुढे तिरकी रेघ. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरांत: धो ६, सा ३, प २, उ ४. त्याखाली पुन्हा तसेच आकडे, थोडे वेगळे. सही कुठेच नाही. तारखेच्या जागी भोक, तिथला शकाचा आकडा कसरीच्या पोटात गेलेला.

मोडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगतो की आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, अशी ही लिपी. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसतात आणि रोजच्या व्यवहारातल्या शब्दांची निम्मी अक्षरं लिहिणारा खाऊन टाकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत होते, म्हणजे घरातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना तिची थोडी ओळख असू शकते. बाईंच्या घरात अशा एक आत्येसासूबाई होत्या, आणि पहिला घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पेच

बाईंनी कागदाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. आत्याबाईंनी भिंगातून पाहून दोन गोष्टी सांगितल्या: ‘तो’ म्हणजे तोळे, आणि वर कुठेतरी ‘उंदीर’ असं लिहिलंय. मोडीतले आकडे देवनागरीच्या बरेच जवळचे असतात, ते बाकीच्यांनी आपापले वाचले. पहिल्या नोंदीपुढे होतं ४॥. ते कुणीतरी ४११ असं वाचलं.

४११ तोळे म्हणजे पावणेपाच किलोंच्या वर सोनं. संध्याकाळपर्यंत गटावर गुप्तधन हा शब्द आला होता. मागच्या बाजूची अक्षरं आणि आकडे म्हणजे सांकेतिक खुणा, आणि उंदीर म्हणजे जागेची खूण, कदाचित गणपतीच्या देवळातला. बाईंच्या दिरांनी तर गाव कुठलं ते कळलं की गाडी काढायची तयारी दाखवली. दुसऱ्या टोकाला एक नातेवाईक होते, त्यांचं म्हणणं असा कागद घरात ठेवूच नये, वाहत्या पाण्यात सोडून द्यावा. कुणी करणी केली असेल तर काय घ्या!

बाई हुशार आहेत. दोन्ही सल्ले त्यांनी बाजूला ठेवले. पण तोवर फोटो तीन गटांत फिरून आला होता आणि त्यावर, जरी कुणाला वाचता येत नसली तरी, माणसांची नावं होती.

खरा पेच तिहेरी होता. लिहिलंय काय, हे कुणाकडून आणि कसं वाचून घ्यायचं? कागद कुणाचा? आणि ज्यांचा आहे त्यांना सांगावं का? पहिला प्रश्न सुटला की बाकीचे आपोआप सुटतील असं सगळ्यांना वाटत होतं. घडलं उलटंच.

वाचनाचे पर्याय

फोनवरच्या अॅपला अक्षरं ओळखता आली नाहीत. समाजमाध्यमांवर मोडी वाचणाऱ्यांचे गट आहेत. तिथे फोटो टाकला तर तासाभरात वाचन मिळतं, आणि बरेचदा चांगलं मिळतं. पण गटावर टाकलेला कागद सगळ्यांचा होतो. तिसरा मार्ग म्हणजे पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत जाऊन विचारणं. चौथा, ओळखीतला मोडी वाचक. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एवढी मागणी आली की रिकामा माणूस सापडायलाच वेळ लागतो. बाईंनी ग्रंथालयात येऊन मला विचारलं ते याच टप्प्यावर.

मी त्यांना आमच्याकडे कधीमधी येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचं नाव सुचवलं. लोकांच्या जमिनीचे जुने कागद वाचून देणं हा त्यांचा उद्योग. फी घेतात, पण अटही घालतात: कागद ज्यात सापडला ती वस्तू सोबत आणायची. बाई पहिल्या भेटीला फक्त कागद घेऊन आल्या, प्लॅस्टिकच्या फायलीत घालून. गुरुजींनी तो हातात घ्यायच्या आधी विचारलं, “पुस्तक कुठंय?”

बाई म्हणाल्या, “घरी आहे. त्यात काही नाही, छापील आहे.”

“मग पुस्तक घेऊनच या. चिठ्ठी पळून जात नाही.”

मला तेव्हा हा जरा हट्टीपणा वाटला होता. पुढे जे जे ठरलं ते मात्र पुस्तकानंच ठरलं.

वाचन

दुसऱ्या भेटीत गुरुजींनी आधी पुस्तक पानापानानं उलटलं. मधल्या एका पानजोडीवर फिकट तपकिरी चौकोन उमटलेला होता, कागदाच्या घडीएवढाच. जुन्या कागदातलं आम्ल समोरच्या पानाला असं हळूहळू भाजतं आणि त्याला दशकं लागतात. म्हणजे चिठ्ठी परवा कुणी पुस्तकात कोंबलेली नव्हती, ती तिथेच पडून होती. पान होतं गाठी आणि सुजेवरच्या लेपांचं. आतल्या कोऱ्या पानावर बाळबोधीत मालकाचं नाव, आडनाव, आणि कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावाचं नाव. त्याखाली वेगळ्या शाईत त्याच आडनावाचं दुसरं नाव, पुढे पुणे.

मग चिठ्ठी. वरच्या ओळींचा मजकूर साधारण असा निघाला: साधारणनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. वाड्यात उंदीर पडले, सबब मंडळी माळावर राहावयास जात आहेत. खाली लिहिल्याप्रमाणे जिन्नस आपले घरी ठेविले आहेत, परत आल्यावर घेऊन जाऊ.

उंदीर पडले हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही घरात समजावून सांगावं लागलं नसतं. प्लेग यायच्या आधी घरात उंदीर मरून पडत. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर सुरू झालेली साथ वर्षअखेरीपर्यंत पुण्यात आली. रँडसाहेबाच्या अमलाखालची घरझडती आणि जून १८९७ मधला त्याच्यावरचा गोळीबार आपण शाळेत शिकतो. शिकत नाही ते हे की साथ त्यानंतर वर्षानुवर्षं दख्खनच्या गावांत फिरून फिरून येत राहिली, पाऊस संपला की जोर धरायची आणि ऊन तापलं की ओसरायची. लोक शहाणे झाले होते. हाफकिनची लस १८९७ मध्येच निघाली होती, पण टोचून घ्यायला घाबरणारे पुष्कळ होते. पहिला उंदीर पडला की घराला कुलूप लावायचं, गावाबाहेर माळावर किंवा शेतात झोपड्या बांधायच्या आणि दोन-तीन महिने तिथे काढायचे. किमती वस्तू झोपडीत नेता येत नाहीत, रिकाम्या घरात ठेवता येत नाहीत. मग त्या कुणाच्या तरी स्वाधीन करायच्या.

शक खाल्ला गेला होता तरी संवत्सरावरून वर्ष निघालं. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं, म्हणून साधारण संवत्सर १८५० मध्ये येतं, १९१० मध्ये येतं आणि १९७० मध्ये. १८५० मध्ये आपल्याकडे हा प्लेग नव्हता, १९७० मध्ये अशी चिठ्ठी कुणी लिहिणार नव्हतं. उरला शके १८३२, म्हणजे नोव्हेंबर १९१०, दिवाळी उलटून गेल्यावरचे दिवस. साथीचा हंगामही जुळतो.

यादीत पाटल्यांचा जोड, गोठांचा जोड, ठुशी, मोत्यांची नथ, रुप्याचे लहान वाळे, तांब्याचं घंगाळ, समया, परात आणि दस्तऐवजाचा रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) अशा नऊ नोंदी होत्या. पाटल्यांपुढचा आकडा साडेचार तोळ्यांचा. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, ही जुनी पद्धत. ४११ तोळ्यांचं गुप्तधन साडेचारवर आलं तेव्हा दीर थोडे हिरमुसले असं बाई हसत सांगतात. मागच्या बाजूचं कोडं गुरुजींना सोडवावंही लागलं नाही, ते माझ्याच लक्षात आलं. धोतरं सहा, साड्या तीन, परकर दोन, उपरणी चार. धोब्याचा हिशेब होता तो.

सात नोंदींपुढे तिरकी रेघ होती, म्हणजे वस्तू परत गेल्याची खूण. नथ आणि वाळे या दोघांपुढे नव्हती. नथेच्या नोंदीत ‘सौ.’ लिहून एका बाईचं नाव होतं. बाकी कुठल्याही वस्तूपुढे नाव नाही.

कागद कुणाचा?

वाचन झालं आणि प्रश्न अवघड झाला. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं आडनाव एक, पुस्तकाच्या मालकाचं दुसरं. म्हणजे पुस्तक ठेव सांभाळणाऱ्या घरचं होतं आणि चिठ्ठी त्यांच्याकडची. दोन घरं, एक ठेव, दोन वस्तूंचा हिशेब उघडा. हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही?

बाईंचा भाचा वकील आहे. दिरांच्या आग्रहावरून त्यालाही विचारलं होतं. त्यानं आधी गुप्तधनाचा विषय मिटवला. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, पण इथे पुरलेलं काहीच नाही. मग त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. तीस वर्षांहून जुना कागद कोर्ट अस्सल धरू शकतं, ही तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ९० मध्ये होती आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. अट एवढीच की कागद योग्य ताब्यातून आलेला हवा. पदपथावरचं पुस्तक हा योग्य ताबा नव्हे. शिवाय चिठ्ठीवर घेणाऱ्याची सही नाही. “मामी, यावरून कुणी कुणावर दावा लावू शकणार नाही,” असं तो म्हणाला. “भांडण मात्र लावू शकतो.”

पर्याय चार होते. एक, कागद पुन्हा पुस्तकात ठेवून गप्प बसणं. बाई विकत घेतलेल्या वस्तूच्या मालक होत्या, त्यांच्यावर कुठलंच बंधन नव्हतं. दोन, कागद आणि पुस्तक एखाद्या संस्थेला देणं. सुटा प्लेगकालीन घरगुती कागद संशोधकाला उपयोगी पडतो, मी स्वतः याच बाजूचा होतो. तीन, नावांसह समाजमाध्यमावर टाकून ‘या घराण्यातलं कुणी असेल तर संपर्क करा’ असं आवाहन करणं. चार, शांतपणे शोधून आधी एका घराला सांगणं.

तिसऱ्या पर्यायाकडे बाईंचा ओढा होता आणि तो समजण्यासारखा होता. झटपट, चांगुलपणाचा, आणि गोष्ट रंगतदार. गुरुजी तिथे ठाम राहिले. हजारो लोकांसमोर एका आडनावाची ठेव दुसऱ्या आडनावाकडे राहिली असं दिसलं, तर त्या दोन वस्तूंचं पुढे खरं काय झालं हे कुणी विचारणार नाही, उत्तर आधीच ठरलेलं असेल. मी संस्थेचा पर्याय मांडला, त्यावर बाई म्हणाल्या, “दहा वर्षांनी एखाद्या अभ्यासकानं नाव वाचावं आणि घरच्यांना माहीतच नसावं, हे मला बरं वाटत नाही.” मला पटलं.

आधी कुठल्या घराला सांगायचं? चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्या वंशजांना नथेच्या मालकिणीची जास्त ओढ असणार. पण ज्यांच्या पुस्तकात चिठ्ठी शंभर वर्षं राहिली ते दुसरंच घर. आधी त्यांना सांगावं, पुढचं त्यांनी ठरवावं, असं ठरलं. बोट आपल्याकडे वळू शकतं अशा घराला ते आधी कळावं, एवढंच कारण होतं.

काय केलं

बाई मामांकडे परत गेल्या. मामांना पेठ आणि वाडा आठवत होता, कंत्राटदारानं चार पोती आणून टाकली होती. बाकीची पुस्तकं कुठे गेली हे विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, बायंडिंग सुटलेली आणि सुटे कागद मी ठेवत नाही. ते रद्दीत गेले तेव्हाच.” त्या चार पोत्यांत आणखी काय होतं ते आता कळायला मार्ग नाही.

वाड्याच्या जागी पत्र्यांचं कुंपण होतं. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांनी जुन्या मालकांच्या मुलाचा नंबर लगेच दिला नाही, आधी त्याला फोन करून विचारलं. हा माणूस या प्रकरणातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा, असं माझं मत आहे. मुलानं आईशी बोलायला सांगितलं.

काकू अठ्ठ्याऐंशीच्या. मुलाच्या फ्लॅटवर बाई, गुरुजी आणि मी गेलो. फोनवर बाईंनी एवढंच सांगितलं होतं की तुमच्या घरचं एक पुस्तक माझ्याकडे आलंय, त्यात एक जुना कागद आहे. काकूंनी पुस्तक पाहताच ओळखलं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा ते स्वयंपाकघराच्या फळीवर असायचं. मोडी त्यांना येत नव्हती. कागद उलटा करून पेन्सिलीची अक्षरं पाहिली आणि म्हणाल्या, “हे आमच्या सासूबाईंचं अक्षर. धोब्याचा हिशेब मिळेल त्या कागदावर लिहायच्या.”

चिठ्ठी त्या घरात होती याला तोवर तपकिरी डाग आणि मालकाचं नाव एवढाच आधार होता. ती घरातल्या माणसांच्या हाताखाली होती हे या धोब्याच्या हिशेबानं सांगितलं. ज्याला घरच्यांनी संकेत मानलं होतं तोच ताब्याचा सगळ्यात चांगला पुरावा निघाला.

गुरुजींनी मजकूर वाचून दाखवला. दोन वस्तूंपुढे खूण नाही हेही सांगितलं, लपवलं नाही. काकू थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की ते आडनाव शेजारच्या वाड्यातल्यांचं. पुण्याला आल्यावरही हळदीकुंकवाचं येणंजाणं होतं. त्यांच्या नणंदेकडे एका वंशजाचा ठाण्याचा पत्ता निघेल. त्याला कळवावं का, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कळवा की. त्यांचाच कागद तो. आम्ही नुसता सांभाळला.” पुस्तक परत हवं का, याला त्यांनी हातानंच नाही म्हटलं. फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नव्हती.

ठाण्याचे गृहस्थ म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याचे पणतू. त्यांना काकूंच्या नणंदेनं फोन केला आणि मग बाईंनी कागदाचा संपूर्ण स्कॅन, लिप्यंतर आणि यादी पाठवली.

निष्पत्ती

पणतूंच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात चिठ्ठी लिहिणाऱ्या पणजोबांपुढे ‘प्रथम कुटुंब’ एवढंच छापलेलं आहे, नावाची जागा रिकामी. दुसऱ्या पत्नीचं नाव आणि तिची मुलं व्यवस्थित आहेत. पणतूंच्या वृद्ध आत्यांनी ऐकलेलं होतं की पहिली आणि तिचं तान्हं मूल प्लेगच्या झोपड्यांतच गेलं, नाव मात्र कुणाला आठवत नव्हतं. ते नाव आता नथेच्या नोंदीत होतं.

वाळ्यांपुढे आणि नथेपुढे खूण का नाही, याचं एक उत्तर इथे सुचतं. परत घ्यायला आलेल्यानं त्या दोन वस्तू नेल्या नसतील, किंवा नेल्या आणि खूण करायला हात धजला नसेल, किंवा त्या दान दिल्या असतील. यांतलं काहीही सिद्ध करता येत नाही आणि गुरुजींनी ते तसंच लिहून दिलं.

पण त्याआधी दोन दिवस वाईट गेले. पणतूंनी आनंदाच्या भरात सगळं घराण्याच्या गटावर टाकलं. आत्यांची आठवण तोवर कुणी नोंदवलेली नव्हती. दुसऱ्या शाखेतल्या एकानं थेट काकूंच्या मुलाला फोन लावला: बाकीचं दिलंत, मग नथ कुठं गेली? काकूंच्या कानावर ते आलं आणि त्या फार दुखावल्या. पणतू स्वतः पुण्याला येऊन त्यांना भेटून गेले, आत्यांनीही फोन केला, तेव्हा ते निवळलं. फोन करणाऱ्यानं मात्र माफी मागितलेली नाही.

पुस्तक आणि चिठ्ठी बाईंनी पणतूंना दिलं, दोन्ही एकत्र, चिठ्ठी त्याच डागाच्या पानात, दोन्ही बाजूंना आम्लरहित कागद घालून. पणतूंना आधी फक्त चिठ्ठी फ्रेम करून हवी होती. गुरुजी त्यावर म्हणाले की फ्रेम केली की धोब्याचा हिशेब भिंतीकडे जाईल. आमच्या ग्रंथालयात नावं झाकलेली प्रत आहे, पूर्ण प्रत दोन्ही घरांनी परवानगी दिली तरच दाखवायची असं ठरलं आहे. कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ती जागा भरली जाईल.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या संध्याकाळबद्दल थोडक्यात. पुस्तक झटकायचं नाही. पान उघडायचं, कागद जिथे आहे तिथे ठेवून फोटो काढायचा, पानाचा आकडा लिहून घ्यायचा आणि मगच कागद उचलायचा. इथे डागानं वाचवलं, पण नव्या किंवा चांगल्या कागदाच्या पुस्तकात डाग पडत नाही. घड्या इस्त्रीनं काढायच्या नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर नाहीच. जुनी काजळीची शाई पाण्यानं उतरते, म्हणून ओला बोळा फिरवायचा नाही. गटावर टाकायचाच झाला तर दोन ओळींचा तुकडा टाकावा, नावांचा नव्हे.

विक्रेत्याकडे त्याच आठवड्यात जायला हवं होतं. सगळ्यांचं लक्ष चिठ्ठीतल्या आकड्यांवर होतं, पुस्तक कुठून आलं हे विचारायला वाचन पूर्ण होईपर्यंत कुणी गेलंच नाही. हे दोन्ही एकाच वेळी करता येतं.

खरा वादाचा मुद्दा पणतूंना काय पाठवायचं, हा आहे. माझं मत असं की आधी फक्त वरचा मजकूर आणि नथेच्या नोंदीतलं नाव पाठवायचं, यादी काकूंच्या आणि पणतूंच्या समोरासमोरच्या भेटीत दाखवायची. आत्यांची आठवण आधी निघाली असती तर खुणा नसलेल्या दोन ओळी लोकांनी वेगळ्या नजरेनं वाचल्या असत्या. काकूंची परवानगी ‘कळवा’ एवढीच होती. यादीचा फोटो पन्नास लोकांकडे जाईल याला त्यांनी होकार दिलेला नव्हता.

गुरुजींना हे मान्य नाही. त्यांच्या मते अर्धा कागद दाखवणं म्हणजे काय लपवायचं ते आपण ठरवणं, आणि उरलेला अर्धा पुढे केव्हातरी बाहेर आला असता तर संशय दुप्पट झाला असता. ते म्हणतात, चूक कागद पूर्ण दाखवण्यात नव्हती. तो गटावर जाणार नाही असं पणतूंकडून आधी कबूल करून घ्यायला हवं होतं. बाईंनी आता दोघांचं थोडं थोडं घेऊन एक कागद केला आहे आणि तो मामांच्या दुकानात लावला आहे: पुस्तकात काही सापडलं तर फोटो न फिरवता आधी इथे सांगा, पुस्तक कुठल्या पोत्यातून आलं ते मामा वहीत लिहून ठेवतात. मामा खरंच लिहितात. सुटे कागद मात्र अजून रद्दीतच जातात, त्यांना ठेवायला त्यांच्याकडेही जागा नाही.